बागेतल्या सिस्टर

"हात दाखवा."

बागेच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला सिस्टर हे म्हणायच्या. मग तो बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला असो, नाहीतर नातवाला शाळेतून आणायला निघालेली आजी असो. आम्ही साठी-सत्तरीची माणसं नळाशी रांग लावून, हात पुढे करून उभी राहायचो. सिस्टर चष्मा नाकावर सरकवून आधी तळवे बघायच्या, मग हात उलटे करायला लावून नखं. नखात माती दिसली की परत नळावर. कोणी लाडात येऊन म्हणालंच, "अहो सिस्टर, काळी आई आहे ती," तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"असेल. पण आईमुळे धनुर्वात होत नाही. साबण लावा."

अशी एखादी व्यक्ती तुमच्याही गल्लीत असेल. सगळे तिला थोडे बिचकून असतात, आणि घरात कोणाला काही झालं की पहिल्यांदा तिचंच दार वाजवतात. आमच्याकडे त्या सिस्टर होत्या. उंच, काटक, पांढरे केस मानेपाशी कापलेले, सुती साडीला खांद्यावर पिन, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. पेठेतल्या एका प्रसूतिगृहात त्यांची सगळी नोकरी झाली होती. ते प्रसूतिगृह पाडलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिथे मोबाइलचं चकचकीत दुकान आहे. सिस्टर त्या बाजूला कधी जात नसत. लग्न केलेलं नव्हतं. बिबवेवाडीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. रविवारी चर्चला जायच्या आणि त्या परत येईपर्यंत बागेत कोणी विळ्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. कापलं-बिपलं तर बघणार कोण?

बाग म्हणजे आमच्या सोसायट्यांमागची महापालिकेची मोकळी जागा. वर्षानुवर्षं लोक तिथे राडारोडा टाकत आले होते. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने अर्जविनंत्या करून ती मागून घेतली, राडारोडा उचलला, माती आणून टाकली आणि वाफे केले. मेथी, मुळा, अळू, चार वांगी, कडेला शेवगा आणि जास्वंद. मी नुकतीच विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि रिकामी दिसले, म्हणून मला सेक्रेटरी करण्यात आलं. सिस्टर मला अखेरपर्यंत 'सेक्रेटरीबाई'च म्हणाल्या.

गंमत अशी की सिस्टरना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी पाणी घालघालून दोन तुळशी मारल्या. मेथी इतकी दाट पेरली की उगवली तेव्हा गालिचा अंथरल्यासारखी दिसत होती. पण पेरलेल्या वाफ्याजवळ सकाळ-संध्याकाळ उभं राहून वाट बघण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. आम्हीच अधीर व्हायचो. अजून कसं येत नाही म्हणून माती उकरून बघायचो.

"वेळ झाली की येईल," त्या हातावर चापट मारायच्या. "ओढून काढायचं नसतं."

दर बुधवारी कामं आटोपली की आम्ही शेवग्याखाली खुर्च्या मांडून बसायचो आणि एकेकाने जुन्या पुण्यातली एकेक आठवण सांगायची. ही कल्पना माझी. कोणाला आपल्या आळीतला हौद आठवायचा, कोणाला सायकलींचे थवे, कोणाला आजीबरोबर मंडईत घेतलेली पहिली अंजिरं. सिस्टरना हा प्रकार पसंत नव्हता.

"या वयात आठवणी काढायच्या म्हणजे भरलेले टाके उसवायचे. तुम्हाला दुसरं काम नाही का, सेक्रेटरीबाई?"

तरी त्या यायच्या. सगळ्यांत मागे बसून शेंगा सोलायच्या आणि एकही शब्द बोलायच्या नाहीत. त्यांना बोलतं करायचे ते फक्त शेखचाचा. चाचांचं कॅम्पात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. त्यांच्या दोन्ही मुली सिस्टरांच्या हातावर झालेल्या, त्यामुळे त्यांना सिस्टरांना छेडण्याचा अधिकार होता.

"थोरलीच्या वेळी मी अख्खी रात्र बाहेर उभा," चाचा रंगवून सांगायचे. "सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मुलगी झाली. मी म्हटलं, अल्हमदुलिल्लाह, आणि..."

"आणि खाली पडले," मागून आवाज यायचा. "बाळंत बायको झाली की हे, तेच आम्हाला कळेना. तिला सोडून ह्यांना सलाईन लावायची वेळ आली होती."

सगळे हसायचे. चाचा सगळ्यांत जास्त.

त्या हसण्यातच एका बुधवारी ते घडलं.

त्या दिवशी 'आमचं पहिलं घर' असा विषय होता. समोरच्या सोसायटीतल्या शैलाताई बोलत होत्या. शैलाताई म्हणजे थंडीत सगळ्यांना डिंकाचे लाडू देणाऱ्या, कोणाच्याही सुनेची बाजू घेणाऱ्या, कायम हसतमुख. लग्नानंतर भवानी पेठेतल्या दोन खोल्या, सार्वजनिक नळ, जिन्याखालचा कोळशाचा ढीग असं सांगता सांगता त्या म्हणाल्या, "माझं पहिलं बाळंतपणही तिथेच जवळ झालं. कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहात."

"अरे, म्हणजे आपल्या सिस्टरांच्याच!" शेखचाचा खूश होऊन म्हणाले. "काय झालं होतं, मुलगा की मुलगी?"

शैलाताई हसऱ्या चेहऱ्यानेच त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही."

कोणाला काही समजेना.

"बाळ उपजतच गेलेलं होतं," त्या म्हणाल्या. "मला दाखवलं नाही. शुद्धीवर आले तोवर नेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, विचारू नकोस, विसर. ह्यांनाही मी कधी विचारलं नाही. मग लवकरच पुन्हा दिवस गेले, आणि विचारायचं राहूनच गेलं."

चाचांनी मान खाली घातली. सिस्टर शेंगांची परात बाजूला ठेवून उठल्या. "मुळ्याला पाणी राहिलंय," असं म्हणून त्या वाफ्याकडे निघून गेल्या. थोड्या वेळाने शैलाताईही उठून त्यांच्यामागे गेल्या. मी झारी भरायच्या निमित्ताने नळापाशी होते. ऐकायला नको होतं, पण पाय हलले नाहीत.

"सिस्टर, तुम्हाला आठवतं का हो?"

"नाही." सिस्टरांनी पाइप खाली ठेवला. "खोटं कशाला सांगू? दिवसाला पाच-सहा बाळंतपणं व्हायची. नाही आठवत."

शैलाताईंनी मान हलवली. त्या वळणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मी काय करायचे ते मात्र सांगू शकते. ऐकायचंय का?"

"सांगा."

"असं बाळ झालं की डॉक्टर पुढच्या पेशंटकडे जायचे. आया गुंडाळून न्यायला यायची. मी तिला थांबवायचे. कोमट पाणी घ्यायचे. आधी डोकं, मग कानामागे, मग हातापायाची बोटं. जिवंत बाळाला घालतात तशीच आंघोळ. कोरडं करायचे. माझ्या कपाटात आईच्या जुन्या साड्यांचे तुकडे धुऊन ठेवलेले असायचे, मऊ. त्यात गुंडाळायचे आणि मग द्यायचे. नदीच्या अंगाला लहान मुलांना ठेवायची जागा होती, तिथे शिपाई न्यायचा त्यांना. तुमचं कधी झालं? दिवसा की रात्री?"

शैलाताईंनी साल, महिना सांगितला. "भर दुपारी झालं."

"त्या वर्षी दुपारची पाळी माझीच. मीच असणार."

शैलाताईंनी सिस्टरांचा ओला हात धरला. "मला वाटायचं..." त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटायचं, कुठल्या तरी टोपलीत..."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "तसं नाही."

"कापडात होतं ना?"

"कापडात होतं. मऊ कापडात."

हसतमुख शैलाताईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. सिस्टर त्यांच्याजवळ उभ्या होत्या. पाठीवरून हात फिरवला नाही, काही समजूत घातली नाही. पाइपातून पाणी वाहत होतं ते मात्र त्यांनी जाऊन बंद केलं, आणि परत येऊन तशाच उभ्या राहिल्या.

अशा गोष्टी बायका ओरडून सांगत नाहीत, पण त्या पोचायच्या तिथे पोचतात. पंधरवड्यात शैलाताईंची एक मावसबहीण आली. मग तिच्या शेजारची. मग रास्ता पेठेतून एक आजी रिक्षाने आल्या. कोणाच्या हातात भाजीची पिशवी असायची, कोणी बाग बघायला आल्याचं सांगायची. बागेतून एक चक्कर मारून, "छान ठेवलीय हो," असं म्हणून मग ती हळूच विचारायची, "त्या सिस्टर कुठल्या?"

"आली माझी ओपीडी," सिस्टर पुटपुटायच्या आणि बाकावर थोडं सरकून जागा करायच्या. त्या प्रत्येकीला तेच सांगायच्या. आठवत नाही, पण मी काय करायचे ते सांगते. ज्या बाईचं बाळंतपण दुसऱ्या दवाखान्यात झालं असेल तिला स्पष्ट सांगायच्या, "तिथलं मला माहीत नाही." तरी ती बसून राहायची. तिला विचारता आलं, हेच तिला पुरत असावं.

एकदा मंडळातल्या कोणीतरी सुचवलं, या बाळांच्या नावाने एकेक रोप लावू या, छोटी पाटीही करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. सिस्टर भडकल्या. "आणि रोप मेलं तर? त्या बाईला दुसऱ्यांदा रडवायचं का? इथे माझ्या हातून तुळस जगत नाही." विषय तिथेच संपला.

त्या दिवसांत सिस्टर थकलेल्या दिसायच्या. पण चालण्यात एक प्रकारचा हुरूपही आला होता. त्यांचा भाचा खराडीला आयटीत आहे. तो दर शनिवारी गाडी घेऊन यायचा. "आत्या, प्लीज, आता माझ्याकडे शिफ्ट हो ना. इथे एकटी राहणं सेफ नाहीये." त्या त्याला बागेतली पालकाची जुडी द्यायच्या आणि म्हणायच्या, "मला सध्या कामं आहेत."

दिवाळीच्या आधी कात्रजच्या जुन्या गावठाणातली एक बाई आली. सुनेच्या स्कूटरवर मागे बसून आली होती. डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण, सत्तरीच्या आतबाहेर. तिने बाग-बिग काही बघितली नाही. सरळ बाकाशी येऊन उभी राहिली.

"तुमीच का सिस्टरबाई?"

"बसा."

"इसर्जनाचा दिस हुता," ती बसायच्या आतच बोलू लागली. "समदे रस्ते बंद. आमच्या मालकांनी टेंपोतनं आनलं. फुडं टेंपो जाईना, मग चालत. आत मला कळा आन् भायेर ढोल. मला माझंच वरडनं ऐकू येत न्हवतं."

मी शेजारच्या वाफ्यात तण काढत होते. सिस्टरांकडे माझं सहज लक्ष गेलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हिरवं लुगडं होतं," सिस्टर हळू म्हणाल्या. "तुमच्या सासूबाई पायरीवरच बसून राहिल्या होत्या. गर्दीत कोणीतरी पाय दिला होता, त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं."

त्या बाईचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणाला तरी खरी गोष्ट मिळणार. तिने सुनेचा दंड धरला. "अगं, बघ! ह्यास्नी ध्यानात हाय! समदं ध्यानात हाय!" आणि मग सिस्टरांच्या जवळ सरकून म्हणाली, "मग माझ्या लेकराला आंगूळ घातली न्हवं तुमी?"

सिस्टरांना 'हो' म्हणणं किती सोपं होतं, हे तुमच्या-माझ्या लक्षात येतंच. आधीच्या सगळ्या बायका तेवढ्यावर शांत होऊन गेल्या होत्या.

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

त्या बाईच्या हातातून सुनेचा दंड सुटला.

"त्या दिवशी मी एकटीच होते. दुसऱ्या सिस्टर मिरवणुकीमुळे पोचू शकल्या नव्हत्या. पलीकडच्या टेबलावर एक बाई रक्तस्रावाने जायला आली होती. तुमचं बाळ मी ट्रेमध्ये ठेवलं, वर एक फडकं टाकलं आणि तिकडे गेले. ती वाचली. मी परत आले तेव्हा ट्रे रिकामा होता. आयाने शिपायाकडे देऊन टाकलं होतं. मी खाली फाटकापर्यंत पळत गेले. गर्दीत कोणी दिसलं नाही. म्हणून तुमचा दिवस मला आठवतो. बाकी कोणाचा आठवत नाही."

"तसंच गेलं?"

"तसंच."

"रगताचं?"

सिस्टरांनी होकारार्थी मान हलवली.

ती बाई उठली. ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तिचा आवाज अगदी बारीक झाला. "खोटं तरी बोलायचं हुतं," ती म्हणाली. "येवढ्या आशेनं आले मी. खोटं तरी बोलायचं हुतं, बाई." सून तिला सावरत घेऊन गेली. फाटकातून बाहेर पडताना तिने एकदाही मागे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर बागेत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी पोह्यांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. भिंतीवर क्रूस, एक दिनदर्शिका, टेबलावर औषधांच्या पट्ट्या सरळ रेषेत मांडलेल्या. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलले आणि मग न राहवून विचारलंच.

"सिस्टर, तिला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? तिला बरं वाटलं असतं."

"वाटलं असतं."

"मग?"

त्या बाहेरच बघत होत्या. "मी तिला खोटं सांगितलं असतं, तर शैलाला सांगितलेलं खरं कशावरून राहिलं असतं, सेक्रेटरीबाई? तिच्या लेखी राहिलं असतं. माझ्या लेखी नसतं राहिलं." मग म्हणाल्या, "दोन मिनिटांचं काम होतं हो. दोन मिनिटांचं. कोमट पाणी तयार होतं."

मी म्हटलं, तुम्ही एका बाईचा जीव वाचवला त्या वेळी. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या. पोह्यांचा डबा त्यांनी घेतला आणि मागे कधीतरी मी दिलेला डबा धुऊन, पुसून परत दिला.

पुढे त्या बागेत यायला लागल्या, पण नुसत्या बाकावर बसायच्या. बायका येणं हळूहळू थांबलं. एक-दोघी आल्या तर सिस्टर म्हणायच्या, "आता माझं काही सांगण्यासारखं नाही." नळाशी रांग लागेनाशी झाली. लोक मातीच्या हातांनीच घरी जायला लागले. सिस्टरांच्या ते लक्षातही यायचं नाही. शेखचाचा तेवढे रोज मुद्दाम नखात माती ठेवून त्यांच्यासमोर जायचे आणि दोन्ही हात पुढे करायचे.

"सिस्टर, बघा की. आज जरा जास्तच झालीय."

"ठीक आहे," त्या न बघताच म्हणायच्या.

चाचा हात तसेच धरून क्षणभर उभे राहायचे आणि मग स्वतःच नळाकडे जायचे. एकदा मी त्यांना डोळे पुसताना पाहिलं. मला बघून म्हणाले, "साबण गेला डोळ्यात." साबण अजून हाताला लागायचा होता.

जानेवारीच्या थंडीत सिस्टरना ताप भरला. न्यूमोनिया झाला. भाच्याने त्यांना खराडीच्या बाजूच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या तोंडावर मास्क होता. शैलाताईंनी त्यांचा हात हातात घेतला. सिस्टरांनी तो काढून घेतला नाही, एवढंच. परतताना शैलाताई रिक्षात म्हणाल्या, "त्यांना सांगायला हवं होतं, की मला त्या दिवसापासून झोप लागते. मी बोललेच नाही कधी." आपण पुन्हा जाऊ तेव्हा सांगा, असं मी म्हटलं. पुन्हा जायची वेळ आली नाही.

चर्चमध्ये अंत्यविधीला भाच्याचे चार मित्र असतील, असं आम्हाला वाटलं होतं. पण मागचे बाक भरले होते. बागेत येऊन गेलेल्या त्या सगळ्या बायका आल्या होत्या. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. प्रार्थनेत कधी उठायचं आणि कधी बसायचं हे एकीलाही माहीत नव्हतं, त्यामुळे पुढचे उठले की त्या गडबडीने उठायच्या आणि पुढचे बसले तरी थोडा वेळ उभ्याच राहायच्या. रास्ता पेठेतल्या आजींनी शेवंतीची वेणी आणली होती. ती कुठे ठेवायची ते न कळून त्यांनी ती अखेर भाच्याच्या हातात दिली.

मग उन्हाळा आला. बाग करपली होती, सकाळी दोनचार जणच यायचे. अशाच एका सकाळी फाटकाशी स्कूटर थांबली आणि कात्रजची ती बाई उतरली. ह्या वेळी झपाझप चालत आली. बाक रिकामा बघून माझ्याकडे वळली.

"सिस्टरबाई न्हाईत आल्या?"

मी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. तिने तोंडाशी नेलेला पेला तसाच खाली आणला.

"कवा?"

"जानेवारीत."

"अरं द्येवा," ती म्हणाली. "मी आदीच यायाची हुते. पर लाज वाटायली. लई वंगाळ बोलले मी त्यास्नी."

मी म्हटलं, तुम्ही काही वाईट बोलला नाहीत. तिने ते ऐकलंच नाही.

"घरला गेले त्या दिशी मी लई रडले. मालकांनी इचारलं, काय झालं? येवढ्या वर्सांत आमी दोगांनी त्या लेकराचं नाव काडलं न्हवतं. पर त्या दिशी माजं डोस्कंच फिरलं हुतं. मी म्हनलं, माजं लेकरू तसंच गेलं, रगताचं, कुनी धुतलं सुदिक न्हाई. तर मालक म्हनले, मी धुतलं."

तिच्या हातातला पेला कलला होता, तो मी काढून घेतला.

"शिपाई फाटकातनं निगाला हुता घिऊन. मालक म्हनले, दे हिकडं, माजं हाय. छातीशी धरलं आन् निगाले. समदी गर्दी. लोकांना वाटलं, घरचा गनपतीच घिऊन चाललाय मानूस. वाट द्यायला लागले. कुनीतरी मोरया बी म्हनलं. तसंच चालत कात्रजला आले. आमच्या रानाच्या कडंनं वढा जातो, तितं बसून धुतलं, सोताच्या हातानं. डोईचा पटका सोडला, त्यात गुंडाळलं आन् बांदाला पुरलं. आता तितं बिल्डिंग झालीय, पार्किंग. मी म्हनलं, आवं, मला का न्हाई सांगितलं? तर म्हनले, तू कदी इचारलंच न्हाईस."

तिने पदराने तोंड पुसलं. सून फाटकाशी स्कूटरला टेकून उभी होती, तीही रडत होती.

"त्या बाईनं खरं सांगितलं म्हनून मी बोलले. न्हाईतर आमी दोगं तसंच मेलो असतो. ह्येच सांगाया आले हुते. त्यास्नी सांगायचं हुतं, तुमी जिवाला लावून घिऊ नका, लेकरू धुतलं हुतं." ती माझ्याकडे वळली. "आता ह्ये मी कुनाला सांगू?"

मी बागेचं फाटक ओढून घेतलं, तिच्या सुनेला मागून यायला सांगितलं आणि आम्ही दोघी रिक्षात बसलो. दफनभूमीत भाच्याने अजून दगड बसवला नव्हता. मातीचा उंचवटा, त्यावर एक लाकडी क्रूस आणि वाळलेल्या फुलांचा चुरा. ऊन चढलं होतं. मी तिला जागा दाखवली.

ती चपला काढून मातीजवळ बसली. पदर डोक्यावर नीट घेतला. बोलायला तोंड उघडलं आणि थांबली.

"नाव काय हुतं बाईंचं?" तिने मला विचारलं. "नुसतं सिस्टरबाई कसं म्हनू?"

मी नाव सांगितलं. तिने ते दोनदा हळूच म्हणून बघितलं, जिभेवर बसेपर्यंत. मग मातीकडे थोडी वाकली आणि बोलायला लागली. मी लांब, कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले.